कार्डावरचे दोन पाच

बसवराजनं मला विचारलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी ते कुणालाच सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मालकांच्या टेबलावर एक तुटलेला स्टब अ‍ॅक्सल पडला होता. स्टब अ‍ॅक्सल म्हणजे गाडीचं पुढचं चाक ज्याच्यावर फिरतं तो पोलादी खुंटा. मालकांच्या एका हातात भट्टीचा चार्ट होता, दुसऱ्या हातात माझ्या अक्षरातलं जॉब कार्ड. समोर मी आणि भट्टीचा ऑपरेटर बसवराज. कार्डावर साडेपाचशे डिग्री लिहिलेलं. चार्ट सांगत होता, भट्टी चारशे चाळीसवर चालली.

"काय रे बसू, पाचशे पन्नास वाचता येत नाही तुला?" मालक म्हणाले.

बसवराजनं माझ्याकडं बघितलं. मी त्या तुकड्याकडं बघितलं.

बेळगावात उद्यमबागेत आमचं हीट ट्रीटमेंटचं वर्कशॉप आहे, मी तिथं सुपरवायझर. दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट आमच्याकडं येतात, आम्ही ते भट्टीत घालून कणखर करून देतो. पोलाद लालभडक तापवून तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेच्या बांगडीसारखं. आपटलं की तुटतं. म्हणून ते पुन्हा, कमी तापमानाला, तापवायचं. याला टेम्परिंग म्हणतात. त्यानं थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. साडेपाचशेऐवजी चारशे चाळीसला टेम्परिंग झालं तर पार्ट दिसायला तसाच दिसतो. फक्त धक्का सोसत नाही.

आणि हे खुंटे धक्के खाण्यासाठीच होते. निपाणीच्या महावीर आप्पांच्या घरात तीन पिढ्या तंबाखूची वखार. त्यांनी कोगनोळीजवळ हायवेला लागून गो-कार्टचा ट्रॅक काढला होता. कार्ट म्हणजे जमिनीला टेकल्यासारखी, एकाच माणसाची छोटी रेसिंग गाडी. त्या गाड्यांचे खुंटे आमच्या भट्टीत आले होते.

दोन-तीन वर्षांत परदेशातल्या मोटार शर्यतींचं वेड आमच्याकडं कसं शिरलं, मला अजून नीट सांगता येत नाही. वडगावात माझा साडू पॉवरलूम चालवतो. त्याच्या शेडमध्ये देवाच्या फोटोशेजारी एका गोऱ्या ड्रायव्हरचा फोटो आला. कंग्राळीत आमच्या भावकीतल्या साखरपुड्याला अर्धी पंगत मोबाईलवर शेवटचे लॅप बघत जेवली. मला हा नाद मुलीनं लावला. पन्नाशी उलटलेला मी कुणाचे टायर किती लॅप टिकतील यावर जेवताना तिच्याशी वाद घालायला लागलो. आप्पांचं काम आलं तेव्हा मला वाटलं, त्या जगाचा एक तुकडा आपल्या भट्टीत आला. याचा मला अभिमान होता. काळजी मात्र मी घेतली नाही.

खुंटा तुटण्याआधीच्या रविवारी ओव्हरटाइमला शॉप चालू होतं. संध्याकाळी शर्यत सुरू झाली. मी मोबाईल हार्डनेस टेस्टरला, म्हणजे कडकपणा मोजायच्या यंत्राला, टेकवून ठेवला आणि एक डोळा तिकडं ठेवून कार्ड भरलं. आमच्याकडं नियम आहे, कार्डावर आकडे इंग्रजीच लिहायचे. शॉपमध्ये निम्मे लोक मराठी शाळेतले, निम्मे कन्नड शाळेतले. तो नियम टाइप करून भिंतीला मीच चिकटवलाय. पण मनात 'साडेपाचशे' आलं आणि हात पहिलीत शिकलेलं लिहून गेला. ५५०.

घाईत लिहिलेला मराठी पाच कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाला दाखवा. त्याला तो इंग्रजी चार वाटतो. बसवराज बैलहोंगलकडचा, दहा वर्षं भट्टीवर. आकडा नेहमीपेक्षा कमी वाटला असणार, म्हणून तो कार्ड घेऊन माझ्याकडं आला.

"अण्णा, चारशे चाळीस ना?"

पहिल्या नंबरची गाडी तेव्हाच टायर बदलायला आत येत होती. मी वर बघितलंच नाही.

"व्हय व्हय, लाव," म्हणालो.

दुसरी चूक सोमवारची. माल जाण्याआधी पाच पीस टेस्टरवर तपासून आकडे लिहायचे, हे माझं काम. आप्पा स्वतः गाडी घेऊन आले होते. त्यांच्याशी आदल्या दिवशीच्या शर्यतीवर गप्पा रंगल्या. मी मागच्या लॉटचे आकडे उतरवले आणि सही केली.

बुधवारी ट्रॅकवर ट्रायल होती. वळणाच्या कडेला लाल-पांढरा उंचवटा असतो, त्याला कर्ब म्हणतात. एक कार्ट त्याच्यावर चढली आणि खुंट्यासकट चाक निखळून लांब गेलं. आत आप्पांचा भाऊ होता. त्याचं कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं.

म्हणून गुरुवारी तो तुकडा टेबलावर होता. मालकांनी प्रश्न विचारला तेव्हा मला वाटलं, आता हा बोलणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं की मला काही आठवत नाही. बसवराज म्हणाला, "चुकलं साहेब."

आमच्याकडं नवीन भट्टी येणार होती आणि तिचा इन्चार्ज बसवराज होणार हे ठरलेलं होतं. मालकांनी ते तिथंच रद्द केलं. त्याला पॅकिंगला पाठवलं. मी "बरं" म्हणालो.

दुपारी आप्पांचा फोन आला. रविवारी उद्घाटन होतं, चार शाळांची मुलं येणार होती.

"अण्णा, लोकांची पोरं बसणार हाईत त्यात," ते म्हणाले. "चालतंय का न्हाय ते एकदाच सांगा. न्हायतर बंद ठेवतो. लाज गेली तर जाऊ दे."

मी सगळे खुंटे काढून परत पाठवायला सांगितलं. टेम्परिंग कमी तापमानाला झालं असेल तर दुरुस्ती होते. तेच पार्ट पुन्हा, योग्य तापमानाला तापवायचे. शनिवारी सकाळी मी स्वतः भट्टीवर उभा राहिलो. पॅनेलवर इंग्रजीत 550 दिसत असताना दर दहा मिनिटांनी जाऊन पुन्हा बघत होतो. थंड झाल्यावर एकेक पीस टेस्टरवर घेतला. मग एकेकाला लाल डाय लावला. हा पातळ रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेत शिरतो. वरून पुसून पांढरी पावडर मारली की भेग असेल तिथं लाल रेघ उमटते. दोन पिसांवर रेघ उमटली. केसाएवढी. ते दोन्ही पीस बुधवारच्या ट्रायलला गाड्यांमध्ये बसवलेले होते. ते दोन्ही मी भंगारात टाकले.

रविवारी ट्रॅकवर गेलो. पताका, गाणी, टीमच्या टोप्या घातलेली मुलं, भाकरी बांधून आलेले आई-बाप. कोल्हापूरचे आणि बेळगावचे, दोन्हीकडचे लोक होते. मी सगळ्यात तिरक्या वळणाच्या कर्बपाशी उभा राहिलो. प्रत्येक कार्ट त्यावर चढून खाली उतरेपर्यंत श्वास धरून ठेवत होतो. कोण जिंकलं ते मला आजही माहीत नाही. एकही खुंटा तुटला नाही.

यानंतर तरी मी बोलायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं की काम निस्तरलं, आता उगाच कशाला. इकडं शॉपमधल्या लोकांनी बसवराजचं नाव 'चारशे चाळीस व्होल्ट' पाडलं. तो पॅकिंगच्या टेबलाकडं निघाला की कुणीतरी म्हणायचं, "सरका रं, शॉक बसंल." तो हसायचा. माझ्याशी बोलायचा तेवढंच बोलायचा, पण दुपारी डबा माझ्या शेजारी उघडायचा बंद झाला.

तीन आठवड्यांनी आप्पा पेढे घेऊन आले. ट्रॅक जोरात चालला होता. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि सहज विचारलं, "तुमचा तो चारशे चाळीस कुठं हाय? त्यालाबी द्या एक." सगळे हसले. मीही हसलो. हसताना माझी नजर बसवराजकडं गेली. तो पेढा हातात धरून माझ्याकडंच बघत होता.

त्याच दुपारी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. फाइलमधून ते कार्ड काढून समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मोबाईल, मराठी आकडे, त्यानं विचारलेलं, मी 'व्हय' म्हटलेलं, न तपासता केलेली सही.

मालकांनी कार्ड उचलून उजेडात धरलं. "हे त्या दिवशी का नाही बोललास?"

"भ्यालो."

"मला सांगून काय होणार? सोमवारी मीटिंगमध्ये सांग. सगळ्यांसमोर. नव्या भट्टीचा इन्चार्ज तोच राहील. आणि इथून पुढं तुझं प्रत्येक कार्ड आधी तो वाचणार."

बाहेर आलो तर बसवराज खोक्याला टेप लावत होता. त्याला मी एवढंच विचारलं, त्या दिवशी तू गप्प का बसलास? टेप तोडून तो म्हणाला, "कार्ड मराठीत हाय म्हटलो असतो तर शॉपात मराठी-कन्नड असं दुसरंच पेटलं असतं. आणि तुम्ही व्हय म्हटलेलं मी सांगायचं काय अण्णा? ते तुम्ही सांगायचं हुतं."

या सगळ्यातून मी शिकलो ते फार मोठं नाही. ऑपरेटर विचारायला आला की मोबाईल पालथा घालायचा, कार्ड हातात घ्यायचं, आणि आकडा आपल्या तोंडानं मोठ्यानं वाचून दाखवायचा. इतकं केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

सोमवारी सकाळी शिफ्टच्या मीटिंगला सगळे गोल उभे होते. झालेलं मी मराठीत सांगितलं. मग बसवराजकडं वळलो. माझी कन्नड बाजारापुरतीच. पण कन्नडमध्ये विचारणं आणि ऐकणं, दोन्हींना एकच शब्द आहे, केळु. त्यामुळं मला जे म्हणायचं होतं ते त्या भाषेत मराठीपेक्षा सोपं होतं. तू विचारलंस, मी ऐकलं नाही. चूक माझी, माफ कर.

"बसवराज," मी म्हणालो, "नी केळिदि, ना केळलिल्ला. तप्पु नंदु. क्षमिसु."