दौंडातले फ्रेंच आप्पा

चार माणसं वर्षानुवर्षं रविवारी सकाळी एकच पुस्तक घेऊन बसली, की पुस्तक फारसं पुढं सरकत नाही. मधे चहा येतो, कुणाची शिफ्ट आडवी येते, कुणाच्या उसाला तोड मिळते. बघता बघता पुस्तकातल्यापेक्षा पुस्तकाभोवती घडलेलंच जास्त साठत जातं. आमचं तसंच झालं. परवा शेख मॅडम म्हणाल्या, यातलं आठवतंय तोवर कुणीतरी सांगून टाकायला हवं. मी सांगतो.

*

जगताप सर कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. लॅबमध्ये जायच्या आधी मी त्यांच्या हाताखाली लागलो, म्हणून ते माझे सर. कंपनीनं फ्रान्सहून मशिनरी घेतली तेव्हा सरांना आधी पुण्यात फ्रेंचच्या क्लासला घातलं, मग ट्रेनिंगला तिकडं पाठवलं. तिथं ज्या घरी उतरले होते, त्या घरच्या म्हातारबाईंनी निघताना त्यांना कवितांचं एक पातळ पुस्तक दिलं. पुढं ती मशिनरी भंगारात गेली, सर रिटायर झाले, पुस्तक मात्र राहिलं. रिटायर झाल्यावर सरांनी ते मराठीत आणायला घेतलं.

दर रविवारी त्यांच्या दौंडच्या घरी ऐकायला आम्ही तिघं. एक मी. दुसऱ्या शेख मॅडम, शिरूरच्या कॉलेजात मराठी शिकवतात. तिसरे कोळपे मामा, वडगाव रासाईचे. ते मुळात सरांकडं पाण्याच्या मोटरीचं काहीतरी विचारायला आले होते, ते कायमचेच यायला लागले.

कवी एकोणिसाव्या शतकातला. डोंगराळ भागातला, बाप लोकांची मेंढरं राखायचा. पोरगा शिकून पॅरिसला गेला आणि पोटासाठी इंग्रजी-जर्मनमधून भाषांतरं करत राहिला. दुसऱ्यांची पुस्तकं खपली. स्वतःचं हे एवढंसं पुस्तक कुणी घेतलं नाही. भाड्याच्या खोलीत आजारी पडून चाळिशीतच गेला.

त्याचं नाव आम्हा तिघांच्या तोंडात नीट बसेना. मामा म्हणाले, "जाऊ द्या, आपण आप्पा म्हणू."

शेख मॅडम म्हणाल्या की मामा, तो तर तुमच्यापेक्षा कितीतरी लहान होता गेला तेव्हा.

मामा म्हणाले, "आसंल. पर गेल्यालं माणूस कायम मोठंच आस्तंय."

त्या दिवसापासून ते आमच्याकडं फ्रेंच आप्पा झाले, आणि आम्ही सगळे त्यांना आदरानं 'अहो-जाहो' करायला लागलो.

*

आप्पांची एक कविता बापावर आहे. संध्याकाळी कळप उतारावरून खाली येतोय आणि सगळ्यांच्या पुढं एक मेंढी चालतेय, जिच्या मागं बाकीची येतात. त्या मेंढीला त्यांच्या भागात एक खास शब्द आहे. सर त्या शब्दाशी अडले. मामा धनगर, त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरांमागं कोकणापर्यंत वाटा तुडवलेल्या. सरांनी मोठ्या आशेनं विचारलं.

मामा बराच विचार करून म्हणाले की आम्ही उसात पडलो त्याला दोन पिढ्या झाल्या, मला न्हाई ठावं. पण वडगावात माझी चुलती हाय, तिला विचारू.

आम्ही चौघं सरांच्या गाडीतून वडगावला गेलो. चुलती भीमेकडच्या पडवीत बसली होती. नजर गेलेली, पण बोलणं खणखणीत. प्रश्न ऐकून ती हसली. म्हणाली, व्हय व्हय, शब्द होता की. मग आठवायला लागली. ओठ हलवत होती. एकदा हात असा पुढं केला, जणू त्या मेंढीच्या पाठीवर ठेवला.

शेवटी तिनं हात मांडीवर घेतला.

"मेंढरं इकली ना," ती म्हणाली, "त्यांच्यासंगच ग्येला बग त्यो."

परत आल्यावर सरांनी मराठीत 'पुढची मेंढी' एवढंच लिहिलं. ते त्यांना कायम सलत राहिलं. आणि मामा नंतर कितीतरी दिवस भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला तो शब्द विचारत फिरत होते.

*

शेख मॅडमनी एकदा सरांचं भाषण शिरूरला ठेवलं. कॉलेजचा हॉल, पोरं-पोरी, पुढच्या रांगेत संस्थेची मंडळी. स्टेजवर आप्पांचा फोटो आणि त्याला झेंडूचा घसघशीत हार. आप्पांचा फोटो जगात कुठं उपलब्ध आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं. ऑफिसमधल्या कुणीतरी नेटवरून काढला आणि मोठा करून आणला होता.

सर स्टेजवर चढले, फोटोपुढं वाकून नमस्कार केला आणि वाकलेले असतानाच थबकले. भाषण झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर सरांनी हळूच सांगितलं की हे आप्पा नाहीत. फोटोखाली बारीक फ्रेंचमध्ये लिहिलंय, हे त्याच काळातले कुणी कारखानदार आहेत, आप्पांचं आणि त्यांचं नाव थोडंफार सारखं आहे.

शेख मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या प्राचार्यांकडं निघाल्या होत्या, सरांनी थांबवलं.

"राहू द्या, मॅडम. जिवंतपणी आप्पांच्या गळ्यात कुणी हार घातला नाही. आज त्यांच्या नावानं कुणाच्या तरी गळ्यात पडला, हेही काही कमी नाही."

*

एका कवितेवरून मात्र आमच्यात खरंच वाजलं. ती आप्पांची स्वतःची नाही, त्यांनी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये आणलेली. मूळ कवितेत बाप मुलाच्या रिकाम्या अंथरुणापाशी बसलाय. आप्पांच्या फ्रेंचमध्ये तो मुलगा नाही, मुलगी आहे. सर पुस्तकाची प्रस्तावना वाचून म्हणाले की त्या काळच्या जाणकारांनी यावरून आप्पांना फार झोडपलं. एवढं साधं कळत नाही, असला कसला भाषांतरकार, असं लिहिलं. त्या वर्षी आप्पांची लहान मुलगी तापानं गेली होती हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि आप्पांनीही सांगितलं नाही.

प्रश्न असा, की आता मराठीत काय करायचं?

शेख मॅडमचं म्हणणं ठाम होतं. मूळ कवी वेगळा, त्याचा मुलगा होता, त्याचं दुःख आपण बदलायचं नाही. चूक ती चूक, आपण ती दुरुस्त करू आणि खाली टीप देऊ. मला ते पटत होतं. लॅबमध्ये काम करणारा माणूस मी, चुकीचं रीडिंग पुढं पाठवायचं नाही हे हाडात मुरलेलं.

सरांच्या घरामागच्या रेल्वे यार्डातून एक लांबलचक मालगाडी चालली होती. दौंडात राहणाऱ्याला सवय असते, गाडी संपेपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं. गाडी संपली आणि मामा बोलले.

"त्येंनी लेकीला तिथं निजवलंय," ते म्हणाले. "आपुन कोन उठवनार?"

शेख मॅडमनी पेन खाली ठेवलं. मराठीतही मुलगीच राहिली. खाली टीप नाही.

*

मागच्या वर्षी उन्हाळ्यात सरांना सकाळी उठता उठता पॅरालिसिसचा झटका आला. सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, शेजाऱ्यांना हाका मारून त्यांना दवाखान्यात हलवलं. मला फोन आला तेव्हा मी फर्स्ट शिफ्टला होतो, पोचेपर्यंत दुपार झाली.

तोवर तिथं वेगळाच घोळ झाला होता. सर शुद्धीवर आले होते, बोलत होते, पण काय बोलतात ते कुणाला कळेना. आमच्याकडं कारखान्यांमुळं बाहेरच्या राज्यांतली माणसं पुष्कळ. नर्सला वाटलं, पेशंट तिकडचाच असणार. काकू सांगत होत्या की अहो, हे इथल्याच खुटबावचे आहेत. पण सरांच्या तोंडून मराठीचा एक शब्द येत नव्हता. मग नर्सनं बिहारच्या एका वॉर्डबॉयला बोलावून आणलं. त्यानं सरांच्या तोंडाशी कान नेऊन अगदी मन लावून ऐकलं.

"सिस्टर, ये हमारी तरफ के नहीं हैं," तो म्हणाला. "लेकिन आदमी पढ़े-लिखे हैं."

मी आत गेलो आणि पहिल्याच वाक्याला ओळखलं. रविवारी बसून बसून मला आणि शेख मॅडमना मोडकंतोडकं समजायला लागलं होतं. सर फ्रेंच बोलत होते. पाणी मागत होते.

डॉक्टरांनी सांगितलं की असं क्वचित होतं. आईची भाषा मागं राहते आणि नंतर शिकलेली आधी परत येते. मराठी येईल, न येईल, आत्ता सांगता येत नाही.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. आमच्या बैठकीत त्या चहा ठेवून आत निघून जायच्या. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मग मी यांच्याशी बोलू कशी?"

"तुम्ही मराठीतच बोलत राहा," डॉक्टर म्हणाले. "ऐकलेलं त्यांना कळतंय."

*

सर घरी आले. उजवा हात निकामी, बोलणं जड आणि सगळं फ्रेंच. आम्ही मोबाइलवर भाषांतराचं ॲप टाकून पाहिलं. सरांचे अडखळते शब्द त्याला पकडता येईनात. सरांनी पाणी मागितलं की ते हवामान सांगायचं. दोन दिवसांत काकूंनी तो मोबाइल उचलून बाजूला ठेवला.

त्या आठवड्यात मला आणि शेख मॅडमना, दोघांनाही जमलं नाही, एकटे मामाच रविवारी गेले. दुपारी मी धास्तावून फोन केला. म्हटलं, मामा, कसं झालं?

मामा भलतेच खुशीत होते. म्हणाले, आज लई निवांत बोलनं झालं. मी गावाकडच्या बिबट्याचं सांगितलं, उसात बछडी निघाली ते सांगितलं. सरांनीबी लई सांगितलं.

मी विचारलं, काय सांगितलं?

"त्ये मला काय ठावं?" मामा म्हणाले. "पर मी इचारलं न्हाई म्हनून तर त्येंनी मन मोकळं क्येलं."

*

सरांचे धाकटे भाऊ बापू खुटबावला असतात. दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. आधी बांधावरून काही कुरबूर झाली होती, ती मिटलीही असती. पण त्याच सुमाराला आई गेली, आणि रागाच्या भरात बापूंनी सरांना कळवलंच नाही. सरांना तिसऱ्या माणसाकडून समजलं, तेव्हा सगळं उरकलं होतं. सरांना आईचं तोंड दिसलं नाही. हे सर कधी बोलले नाहीत, मला काकूंनी सांगितलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं सरांपाशी बसलो होतो आणि बापू दारात येऊन उभे राहिले. चप्पल बाहेर काढली, पण आत येईनात. काकू म्हणाल्या, या भाऊजी. तेव्हा ते आले आणि सरांच्या खाटेजवळ खाली जमिनीवरच बसले.

"दादा," ते म्हणाले, "माझं चुकलं. आई तुझंच नाव घेत व्हती. मी ऐकलं, तरीबी न्हाई कळवलं."

टोपी हातात घेऊन बसून राहिले.

सर त्यांच्याकडं बघत होते. मग बोलायला लागले. आजारपणात इतकं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. थांबत थांबत, डावा हात खाटेच्या काठावर दाबत बोलत होते. मला सगळं समजलं नाही. 'आई' समजलं, 'दार' समजलं. आणि एक 'जामे' समजलं, ते पुन्हा पुन्हा येत होतं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'कधीच नाही'. मी शेख मॅडमकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

सर थांबले. बापूंनी काकूंकडं पाहिलं.

"वहिनी, दादा काय म्हनला?"

काकू सरांच्या उशाशी उभ्या होत्या. त्यांनी सरांकडं पाहिलं, बराच वेळ. मग बापूंकडं वळून म्हणाल्या, "जेवून जा म्हणतात."

बापूंनी उपरण्यात तोंड लपवलं आणि ते लहान मुलासारखे रडले. मामांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शेख मॅडम स्वयंपाकघरात गेल्या, मीही पाणी आणायच्या निमित्तानं मागोमाग गेलो. काकू आल्या, त्यांनी पिठाचा डबा खाली घेतला आणि भाकरी थापायला बसल्या.

बापू सरांच्या शेजारी बसून जेवले. भाकरी आणि पिठलं. सरांना काकूंनी चमच्यानं भरवलं. दोघं भाऊ एकमेकांकडं न बघता जेवत होते. निघताना बापूंनी सरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते गेले.

काकू ताटं उचलत होत्या. सर त्यांच्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलायला लागले, जुळेनात, परत हलले. काकू ताटं हातात घेऊन तशाच थांबल्या. मग शब्द आला, जड पण स्वच्छ. आजारपणानंतरचा सरांचा पहिला मराठी शब्द.

"बरोबर," सर म्हणाले.