कोर्टावरची काळी माती

दोस्तहो, आज सकाळी आपल्या सगळ्यांचा शेतकीचा गर्व उतरला.

कारंज्याच्या आपल्या टेनिस कोर्टाले या उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडल्या. सिमेंटचं कोर्ट कराले पैसे नाही. वर्गणी मागून मी थकलो, म्हणून आता क्लबाले कुलूपच लावावं, हे बोलाले आमी जमलो होतो.

तेवढ्यात नव्वदीतले शंकरआबा नातीचा हात धरून आले. पन्नासच्या दशकात ते याच कोर्टावर खेळत. काठीनं भेग उकरून त्यांनी विचारलं, "ही माती कोनं आनली रे?"

मी छाती फुगवून म्हटलं, "माह्या वावरातली हाये, आबा. एकदम कसदार."

"म्हणूनच फाटली. कपाशीची माती कपाशीले ठेव. आमी इथं मुरूम टाकत होतो, वरून शेणानं सारवत होतो. जो हरला, तो रोलर ओढत होता. तवाबी क्लबाजवळ पैसा नव्हताच."

आमी सगळी शेतकऱ्यांची पोरं. वावराच्या भेगा दर उन्हाळ्यात पाहतो, तरी ती माती कोर्टावर टाकताना हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

कुलपाची गोष्ट तिथंच राहिली. रविवारी सकाळी माह्या ट्रॅक्टरनं मुरूम येऊन राह्यला. शेण घरोघरी हाये. रोलर ओढाले आबांनी माणूसही ठरवला: ज्यानं काळी माती आणली, तो.

पण तो रोलर एकट्यानं हालत नाही. माह्यासंग दुसरा कोण येतो?