सहा नावांचा रविवार

वेंगुर्ल्याच्या आमच्या चर्चमध्ये रविवारी माणसं मोजून बावीस. पाऊस असला की चौदा. पण प्रार्थना मात्र आख्ख्या जगासाठी, आणि ते काम नर्मदाबाईंकडे.

आमची मंडळी जगभरच्या अँग्लिकन चर्चांच्या गोतावळ्यात मोडते. या गोतावळ्याची एक यादी असते. वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक धर्मप्रांत नेमून दिलेला. कधी आफ्रिकेतला, कधी कुठल्या तरी बेटावरचा. त्या दिवशी जिथे जिथे ही यादी वाचतात, तिथे तिथे त्याच ठिकाणाचं नाव घेतात. यादीबरोबर बातम्याही येतात: कुठे नवा बिशप आला, कुठे शाळा निघाली, कुठे पूर आला. महिन्याच्या सुरुवातीला हे सगळं इंग्रजीत बाईंच्या फोनवर येऊन पडतं. बाई त्याचं मराठी करून दोनशेपानी वहीत उतरवतात आणि रविवारी पुढच्या सात दिवसांची सात नावं वाचतात, प्रत्येक नावाला एक-दोन वाक्यांची बातमी जोडून. नाव झालं की मंडळी म्हणते, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक," आणि मी पेटीवर एक सूर देतो. सात नावं, सात सूर. पोस्टात छत्तीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला एवढं झेपतं.

बाई प्राथमिक शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळेने टाकून दिलेला जगाचा जुना नकाशा त्यांनी घरी आणला, चिकटपट्ट्या लावून सांधला आणि चर्चच्या उजव्या भिंतीवर टांगला. जे नाव वाचलं, त्या जागी एक लाल टिकली. स्वतःच्या कपाळाला जन्मात टिकली न लावलेली ही बाई दर महिन्याला टिकल्यांची पाकिटं नेते म्हणून बाजारातला दुकानदार विचारी, "बाई, लगीन कोणाचा?" बाई म्हणत, "जगाचा." आणि वर दोन रुपये कमी करून घेत.

एवढ्या खमक्या बाईला त्या यादीचीच भीती बसली, हे बरेच दिवस आम्हाला कोणाला कळलं नाही.

चार वर्षांपूर्वी यादीत आमच्याच धर्मप्रांताचं नाव आलं. आम्हाला कोण आनंद. आज जगभर आपल्यासाठी प्रार्थना होणार म्हणून बाईंनी मंडळीला घावणे आणि नारळाचा रस खाऊ घातला. ते रविवारी. गुरुवारी त्यांचे यजमान सत्यवान बंदरावर मासे आणायला गेले आणि पिशवी हातात असतानाच खाली बसले ते उठले नाहीत. तेव्हापासून बाई गुपचूप टिपण ठेवू लागल्या. अमुक नाव वाचलं, बारा दिवसांनी तिथे पूर. तमुक नाव वाचलं, त्याच आठवड्यात भूकंप. वहीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात नावापुढे संकट असं लिहिलेलं होतं. ते पान त्यांनी मला एकदाच दाखवलं.

मी म्हटलं, "बाई, वर्षाला साडेतीनशेच्या वर नावां. जगात खंय ना खंय कायतरी होतलाच."

"बाबू, माका गणित शिकवू नको," बाई म्हणाल्या. "माझो घोव त्या साडेतीनशेतलो आकडो नाय होतो."

मी वही मिटून परत दिली. बाई मात्र नावं वाचत राहिल्या, कारण काम अंगावर घेतलं की टाकायचं नाही हा त्यांचा खाक्या. पण प्रत्येक नावाआधी त्या एक क्षण थांबत. आम्हाला वाटे, दम खातायत.

दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी संचिता नर्स म्हणून मॉरिशसला गेली. तिथल्या एका इस्पितळात तिला नोकरी मिळाली होती. जाण्याआधी तिने आईला यादीचा मेल स्वतः उघडायला शिकवलं, आणि मला बाईंचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला. तेव्हापासून दर रविवारी उपासना संपली की मी ते तिला पाठवतो. आमच्या नकाशावर मॉरिशस म्हणजे समुद्रातला एक ठिपका. बाई त्याच्याकडे बघत, पण बोट लावत नसत.

या जानेवारीच्या यादीत तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मॉरिशसचं नाव आलं.

बाईंनी ते महिन्याच्या पहिल्याच दिवशी वाचलं होतं. कोणाला बोलल्या नाहीत. मला एवढंच दिसलं की बाई खंगल्या. कोकम घालून केलेलं बांगड्याचं तिखलं समोर असताना त्या भात चिवडत बसल्या होत्या. तो रविवार उजाडला. चर्चबाहेर आंब्याच्या कलमांना मोहर, हवा स्वच्छ, समुद्र झोपलेला. बाई उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. सोमवार, मंगळवार. मंडळीने दोनदा म्हटलं, मी दोनदा सूर दिला. मग बाईंनी पान उलटलं आणि एकदम गुरुवार वाचला.

पेटीवाल्याला बाकी काही कळत नसेल, पण मोजता येतं. शेवटी माझे सहाच सूर झाले. आमचे पाळक, रेव्हरंड कौस्तुभ, तरुण माणूस. त्यांच्या लक्षात आलं नाही. बाईंनी सहा टिकल्या लावल्या, वही पिशवीत टाकली आणि थेट बाहेर पडल्या. मी मागोमाग.

"बाई, बुधवार ऱ्हवलो."

"ऱ्हवाक नाय. मी ठेवलंय." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्या तोंडान माझ्या चेडवाचा नाव मी त्या यादीत वाचूचंय नाय. तू कोणाक सांगशीत तर बग."

मी कोणाला सांगितलं नाही. आता वाटतं, निदान पाळकांच्या कानावर घालायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मलाही भीती वाटली, आणि भ्यालेल्या माणसाला शहाणपण कसलं सुचतंय? रेकॉर्डिंग होतं तसं संचिताला पाठवून दिलं. सहा नावांचं.

त्याच दुपारी संचिताचा आवाजी निरोप आला. माझ्या नव्हे, बाईंच्या फोनवर. चांगला चार मिनिटांचा. बाईंनी तो उघडलाच नाही. मुलीने बुधवाराबद्दल विचारलं असणार, या खात्रीने त्या फोन डब्यावर उपडा ठेवून बसल्या.

मंगळवारी सकाळी संचिताचा दोन ओळींचा लेखी निरोप आला. मोठं वादळ येतंय, बेटावर शेवटच्या पायरीचा इशारा लागलाय, सगळ्यांना घरातच राहायला सांगितलंय, मी इस्पितळात ड्युटीवर आहे, काळजी करू नको. त्यानंतर काही नाही. फोन लावला तर लागेना. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. टीव्हीवर ढगांचा एक मोठा भोवरा दाखवत, त्याच्या मधोमध ते बेट, आणि खाली पट्टी पळे की तिथला संपर्क तुटलाय.

आम्ही किनाऱ्यावरची माणसं. बंदरावर वादळाचा बावटा चढला की होड्या ओढून दारं लावायची, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण इथे बावटा नव्हता, वारा नव्हता, समोरचं पाणी तेलासारखं सपाट, आणि त्याच पाण्याच्या पलीकडच्या टोकाला ते चाललेलं. ही भीती वेगळी. पळायचं कुठे आणि दारं लावायची ती कसली?

मी रोज सकाळ-संध्याकाळ बाईंकडे जात होतो. शेजारची हमिदा तर मंगळवारपासून तिथेच होती. तिचा नवरा नुरुद्दीन मासळीचा व्यापारी, थोरला मुलगा अरशद मालाच्या बोटीवर नोकरीला. हमिदा पेज करून आणी, ती बाईंपुढे तशीच थंड होई. गुरुवारी बाईंनी तिला सगळं सांगून टाकलं. टिपणाचं पान, सत्यवान, गाळलेला बुधवार.

"आता माका कळणा नाय गो हमिदा," बाई म्हणाल्या. "वाचला असता तर म्हटला असता मीच घालवलंय. वाचूक नाय, तरी वादळ इला. म्हणजे सगळे जगभर तिच्यासाठी हात जोडत होते आणि तिची आवसच तेवडी गप्प होती. मी तिका उघड्यार सोडलंय."

हे ऐकताना मला धड बसवेना. हमिदा मात्र पेजेचा वाडगा खाली ठेवून म्हणाली, "मी दिसाक पाच येळा अरशदचा नाव घेतंय. नाव घेतल्यान वायट होता तर माझो झील कधीच बुडलो असतो. आणि एकादी येळ चुकली म्हणान तो बुडाक पण नाय." मग तिने डब्यावरचा उपडा फोन उचलला. "ह्यो निरोप कसलो? रविवारचो? उघड गो."

"नको."

"चेडवाचो आवाज आसा तो. उघड."

बाईंनी डोळे मिटले. निरोप हमिदानेच चालू केला.

आधी हसणं ऐकू आलं. मग संचिताचा आवाज. "आई, आज आमच्या चर्चमध्ये मजा झाली. मी सगळ्यांक सांगून ठेवलेला, या बुधवारी आपलो दिवस, आणि माझी आई तिकडसून आपला नाव घेणार. उपासना झाल्यार कोण घराक जावक नाय. दोन म्हाताऱ्यो आसत, तेंचे पणजे आपल्याच बाजूचे खंयसून गेलेले. तेंका अर्धा समाजता, अर्धा नाय. बाबूकाकाचा रेकॉर्डिंग इला तसा मी फोन मधी ठेवलंय. सोमवार झालो, मंगळवार झालो. आमी सगळ्यांनी तोंडा उघडलेली 'ऐक' म्हणूक." इथे ती थांबली. "आमचा नाव इलाच नाय गो आई. मी परत लावलंय. परत नाय. मी तेंका सांगितलंय, रेकॉर्डिंग मधीच तुटला असतला. तुटलाच ना? पुढच्या रविवारी परत वाच. म्हाताऱ्यो वाट बगतत."

निरोप संपला. बाई रडल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, तशाच राहिल्या. मुलगी चार दिवसांपूर्वी आपल्या आवाजाची वाट बघत बसली होती आणि आता ती आहे की नाही तेही माहीत नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. हमिदाने त्यांचा हात धरून ठेवला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण गेलो नाही.

शुक्रवार, शनिवार तसेच गेले.

रविवारी चर्चमध्ये पाळकांसकट सगळ्यांना वादळाची खबर होती. पाळक बाईंना हळूच म्हणाले, "बाई, आज वाचन मी करू का?" बाईंनी नकारार्थी मान हलवली. उभ्या राहिल्या. वही त्यांनी हातात न धरता माझ्या पेटीवर उघडून ठेवली. सात नावं वाचली. एकही बातमी गाळली नाही. मी सात सूर दिले. मग त्यांनी पान मागे उलटलं.

"गेल्या बुधवारचं नाव राहिलं," त्या म्हणाल्या. शाळेत किंवा चर्चमध्ये बोलायची त्यांची शुद्ध मराठी, पण आवाज फाटलेला. "राहिलं नाही. मी भ्याले म्हणून गाळलं. मॉरिशस. तिथली मंडळी, तिथले आजारी, ज्यांची घरं गेली ते. इस्पितळात कामावर असलेले. आणि संचिता सत्यवान, माझी मुलगी."

मग मंडळीने म्हटलं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मी सूर दिला, तो मलाच नीट लागला नाही. बाई नकाशाकडे गेल्या. टिकली त्या ठिपक्यावर लावायला त्यांना तीनदा हात न्यावा लागला. लागली तेव्हा बेट तिच्याखाली दिसेनासं झालं, आणि बाईंनी दचकून हात मागे घेतला.

रेकॉर्डिंग मी पायरीवरच पाठवलं. एक खूण आली. पोचल्याची दुसरी खूण नाही. बाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या. हमिदा रस्त्यापलीकडून येऊन उभी राहिली. जेवणाची वेळ टळली, पाळकांनी चहा आणून दिला, त्यावर साय धरली. एकच खूण. मग मीच म्हटलं, घराक चला. तर घरीही तसंच, फोन मध्ये ठेवून तिघं.

सोमवारी दुपारी साडेतीनला दुसरी खूण आली.

थोड्या वेळाने त्या रेकॉर्डिंगची खूण निळी झाली, म्हणजे कोणीतरी ते ऐकत होतं. कोण, ते कळायला मार्ग नव्हता. फोन दुसऱ्या कोणाच्या हातातही असू शकतो. बाई हमिदाचा पदर मुठीत धरून बसल्या होत्या. वाचन अकरा मिनिटांचं होतं. ती अकरा मिनिटं मी जन्मात विसरायचो नाही.

बाराव्या मिनिटाला शब्द आले. "आत्ता लाइट इली. बरी आसंय. वॉर्डात सगळ्यांक ऐकवलंय. दोनय म्हाताऱ्यो बऱ्यो आसत. आई, आवाज कित्या कापत होतो? भियालंस?"

हमिदा मोठ्याने रडू लागली. मलाही आवरलं नाही. बाई तेवढ्या कोरड्या.

"नाय म्हणान लिही," त्या मला म्हणाल्या.

मी लिहायला फोन घेतला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, काय वाटलं कोण जाणे, फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, स्वतःच लिहिलं. "खूप भियालंय. पण वाचलंय."