नदीकाठचे स्तोत्र आणि माझी गेलेली वाचा

"पप्पांना नगरची फार आठवण यायची. त्या दुःखात ते गायलाच तयार नव्हते. मग एक दिवस मन हलकं झालं आणि गायले." माझा मुलगा विनय आयर्लंडमधल्या किलकेनीतल्या त्याच्या प्रार्थनामंडळीत ही हकिकत सांगतो आणि लोक डोळे पुसतात. हकिकत खोटी आहे. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल, त्यांनी खरी ऐकावी.

२०११च्या हिवाळ्यात मी विनयकडे आलो होतो. एका सकाळी चहाचा कप उजव्या हातातून निसटला. सुनेला हाक मारू गेलो, तर घशातून नुसता आवाज निघाला. रुग्णालयात सीटी स्कॅन झाले. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रोक. त्यामुळे अफेझिया." म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटून वाचा जाणे. समज शाबूत असते, शब्द सापडत नाहीत. बोलता येईपर्यंत एकट्याने प्रवास नाही आणि एकट्याने राहणेही नाही, असे त्यांनी माझ्यादेखत विनयला बजावले. माझे नगरचे घर त्या एका वाक्याने हातचे गेले.

"पासपोर्ट माझ्याकडे आहे, पप्पा. काळजी करू नका," विनय म्हणाला. काळजी मला तेव्हाच लागली.

चौथ्या दिवशी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे गेलेली वाचा परत आणण्याचा सराव घेणारी, समोर येऊन बसली. विशीतली मुलगी, कशालाही "ग्रँड", म्हणजे तिकडचे "छान", म्हणणारी. मला पाणीसुद्धा मागता येईना, तरी "ग्रँड!" मग म्हणाली, "तुमच्याकडचे एखादे गाणे म्हणा." विनयने लगेच चित्रण करायला मोबाइल समोर धरला.

मी चाळीस वर्षे चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवले. बाबेलला धरून नेलेल्या यहुद्यांचे बायबलमधले स्तोत्र शेकडो मुलांना समजावले. सर्वस्व गमावलेल्या त्या कैद्यांना, नदीकाठी, त्यांना पकडणारेच म्हणतात की तुमच्याकडचे एखादे गाणे म्हणा. कैदी आपली वाद्ये झाडांवर टांगतात. ही मुलगी तेच मागत होती. मी ओठ मिटले.

"मला बाकावर उभं करून गायला लावायचात ना, पप्पा? आता तुमची पाळी!" विनय हसला. मी मान फिरवली. पाच दिवस रोज हेच. त्यांनी कारण सांगितलेही असेल. माझी करमणूक चालली आहे अशी खात्री झाल्यावर मी ऐकतो कशाला?

सहाव्या दिवशी राग अनावर झाला. स्तोत्रातली कैद्यांच्या नकाराची ओळ तिच्या तोंडावर फेकायचे ठरवले. बोलू गेलो, तर "प... प..." याच्या पुढे काही येईना. तेव्हा ती ओळ आमच्या चर्चमधल्या चालीवर निघाली. सबंध.

नंतर डॉक्टरांनी समजावले आणि या वेळी मी ऐकले. गाण्याची चाल पुष्कळदा मेंदूच्या उजव्या बाजूला शाबूत राहते. काहींना त्या वाटेने शब्द सापडतात. तुम्हालाही कोणी गायला सांगितले, तर कारण जरूर विचारा, पण माझ्यासारखे पाच दिवस घालवू नका. त्या मुलीचा मी ऋणी आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी एकटा नगरला परतलो. पासपोर्ट माझ्या खिशात होता.

ते कैदी गप्प राहिले, असे मी चाळीस वर्षे शिकवले. गप्प राहिले असते, तर त्यांचा नकार गाणे होऊन आपल्यापर्यंत पोहोचला कसा? इतका साधा प्रश्न मला वाचा गेल्यावर पडला.

राहिली विनयची हकिकत. माझे मन हलके झाले होते की नाही, ते त्याने त्याच्याच मोबाइलमध्ये पाहावे. तिथे मी डावी मूठ उगारून, शेवटच्या सुरापर्यंत गातो आहे: "परक्या भूमीत आम्ही परमेश्वराचे गाणे कसे गावे?"