बदली इंजिनाची गळती

बिबवेवाडीतल्या आमच्या गॅरेजच्या मागच्या गल्लीत लोखंड कातायचा लेथ चालवणारे चाचा आहेत. ते नसते तर हे लिहायला माझ्याकडे काही नसतं, म्हणून आधी त्यांचं सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, कानावर कायम खडूचा तुकडा, बोलणं मोजकं. त्यांच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या. मी किनवटकडचा. आमच्या वर्गात दशांश अपूर्णांक सुरू झाले आणि त्याच सुमारास माझी शाळा सुटली. ते अपूर्णांक मला चाचांनी तिसाव्या वर्षी शिकवले, एका जुन्या व्हॅनपायी.

व्हॅन सदाशिव पेठेतल्या एका काकांची. चपट्या तोंडाची, दोन रंगांची, वयाने माझ्याहून मोठी. बायकोमुलांना घेऊन काकांनी तिच्यातून अर्धा महाराष्ट्र पाहिलेला. तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला आणि तसलं इंजिन आता भंगारातसुद्धा मिळत नाही. दुसरं बसवायची आरटीओची परवानगी काकांनी स्वतः खेटे घालून आणली आणि आमच्या शेठना म्हणाले, "बसवा. पण आमच्या सोसायटीने पार्किंगला नवी फरशी घातलीय. तिच्यावर तेल पडलं तर गाडी विकायची, असं घरात ठरलंय. ठरवणारा मी नाही."

शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा करेल." बारा वर्षांत अख्खं काम एकट्यावर सोपवलं ते पहिल्यांदाच. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

दुसऱ्या गाडीचं इंजिन मिळालं, पण त्याची भोकं जुन्या गिअरबॉक्सशी जुळेनात. मध्ये जाड प्लेट लागणार होती. मी गिअरबॉक्सच्या तोंडाला ग्रीस लावलं, त्यावर पुठ्ठा दाबला, भोकं जशीच्या तशी उमटली. इंजिनाचा दुसरा ठसा घेतला. दोन्ही पुठ्ठे चाचांनी उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "हात साफ आहे तुझा." त्यांनी कातलेली प्लेट अशी बसली की बोल्ट बोटांनी आत गेले. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. शेठनी स्वतः चहा सांगितला.

मग तेल. मी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं आणि सकाळी पाहिलं तर त्यावर तीन डाग. सगळं इंजिन रॉकेलने धुतलं, वाळवलं, अंगाला लावायची पावडर शिंपडली आणि इंजिन चालू ठेवलं. तेल पावडरीवरून कुठून ओघळतं ते दिसतं. वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. खालच्या तेलाच्या भांड्याची कड कुणीतरी बोल्ट अति आवळून वाकवली होती. ती ठोकून सरळ केली. दोन डाग गेले. तिसरा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून यायचा. गिअरबॉक्स उतरवून शाफ्टभोवती तेल अडवणारं रबरी सील नवं घातलं, तरी येतच राहिला.

काका आले, वाकून बघितलं. "अहो, इंजिन बसवलंत की अभिषेकपात्र?"

चाचांना विचारलं. ते म्हणाले, "सील नवं आहे, शाफ्ट जुना आहे. नख फिरव." फिरवलं, नख अडकलं. सीलने वर्षानुवर्षं घासून शाफ्टवर खाच पाडली होती. "त्यावर स्लीव्ह चढवू, पातळ पोलादी कडं. मोजून आण," म्हणत त्यांनी स्वतःचा व्हर्नियर माझ्या हातात दिला.

व्हर्नियर मला वाचता येत नव्हता. बारा वर्षं जुना पार्ट खिशात घालून दुकानात जायचो, "असाच द्या" म्हणायचो आणि भागायचं. या वेळी दाखवायला नमुनाच नव्हता. मी व्हर्नियर लावला, पाहिल्यासारखं केलं आणि जाऊन सांगितलं, "बरोब्बर ऐंशी."

चाचांनी केलेली स्लीव्ह घट्ट बसायला हवी, ती बांगडीसारखी हाताने चढली. तिथेच बोलायला हवं होतं. मी पेस्ट थापली आणि सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी डाग दुप्पट. काकांनी या वेळी टोमणाही मारला नाही. "राहू द्या. शनिवारी एक जण गाडी बघायला येतोय," एवढंच म्हणाले. तो मंगळवार होता.

मी चाचांकडे गेलो.

"बेटा, मोजलं होतंस ना?"

"नाही चाचा. वाचता येत नाही मला."

"मग ऐंशी कुठून आणलंस?"

"तोंडाला आलं."

"नशीब, शंभर नाही आलं." त्यांनी चालतं मशीन बंद केलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला "उद्या या" म्हणाले आणि मला स्टुलावर बसवलं. "वरच्या पट्टीवर पूर्ण आकडा. मग खालच्या पट्टीची कुठली रेघ वरच्या रेघेला अगदी समोरासमोर येते, ती शोध. बाकी सगळ्या खोट्या." आम्ही ड्रिल मोजला, चहाचा ग्लास मोजला, माझा अंगठा मोजला. चुकलो की ते आकडा सांगत नसत. "परत," म्हणत.

बुधवारी गिअरबॉक्स तिसऱ्यांदा खाली आला. मी शाफ्ट चार वेळा मोजला, माझा स्वभावच भित्रा. चारही वेळा एकोणऐंशी पूर्णांक चौसष्ट मिलिमीटर. मग चाचा स्वतः आले, मोजलं, व्हर्नियर पुसून खिशात घातला. "चौसष्ट," म्हणाले आणि निघाले. नवी स्लीव्ह तापवून, लाकूड धरून ठोकली. गार झाल्यावर हलेना. तिच्या मापाचं सील घातलं. शुक्रवारी वाघोलीपर्यंत गाडी पळवून आणली आणि कागद पसरला. शनिवारी सकाळी त्यावरच्या बातम्या अथपासून इतिपर्यंत वाचता येत होत्या.

काकांनी इंजिनाखाली हात घातला, बोट पुढे धरून पाहिलं. कोरडं.

"अहो, आत तेल घातलंय ना नक्की?"

शेठ मोठ्याने हसले. काकांनी फोन काढला आणि बघायला येणाऱ्या माणसाला सांगितलं, "येऊ नका. गाडी विकायची नाही." मग माझ्याकडे वळून "आपण उत्तम काम केलंत," म्हणाले. मला आजवर कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं. मी घरी आईला फोन लावला. "गाडी गळत नाही," एवढंच सांगितलं.

चाचांचा लेथ मात्र गळतो. खाली पत्र्याचा डबा ठेवलाय, भरला की तेल गाळून परत वर ओततात. कुणाला हात लावू देत नाहीत. उघडलं आणि माप बिघडलं तर या वयात दुसरं मशीन कुठून आणायचं, असं त्यांना वाटतं. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण चाचा, अजून थोडी वर्षं शिकू द्या. एक दिवस तुम्ही स्वतः तुमचं मशीन माझ्यासमोर उघडाल, आणि मी ते कोरडं करून, मापाला केसाचाही धक्का न लावता, तुमच्या हवाली करीन. हा माझा शब्द.