पाण्याची चावी आणि आबांचा संशय

सरकार नावाच्या वस्तूवर आमच्या आबांनी जेवढा संशय घेतला, तेवढा अख्ख्या मावळात दुसऱ्या कोणी घेतला असेल असं मला वाटत नाही. विरोधी पक्षसुद्धा सत्तेत आला की गप्प बसतो. आबा कोणीही निवडून आलं तरी गप्प बसत नसत. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून आमच्यातच राहायचे. ओट्यावरचा लाकडी बाक हे त्यांचं ऑफिस, आणि त्या बाकावरून दिल्लीपासून कामशेतपर्यंतचा सगळा कारभार त्यांच्या नजरेखाली असे. अर्थसंकल्पाच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते टीव्हीसमोर बसत आणि भाषण संपेपर्यंत पाण्याला उठत नसत. "तूट आली, तूट आली करत्यात," ते म्हणायचे, "आली म्हंजी काय चालत आली व्हय? तुमीच आनली न्हवं?" माझा नवरा म्हणे, तूट भरायची तर कर वाढवायला हवा, ज्यांच्याकडे आहे त्यांनी द्यायला हवा. त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं. "घडा गळतोय तर आदी भोक बुजवावं का वरनं आनखी पानी वतावं? आनि एकदा वाढल्याली पट्टी खाली आल्याली बगितलीस का कवा?" मी मनातून नवऱ्याच्या बाजूची, पण पोळ्या लाटत असल्यामुळे तटस्थ.

संशय घेण्याची त्यांची हत्यारं होती. एक काठी होती, तिच्यावर त्यांनी विळ्याने खुणा कोरल्या होत्या. गावात सिमेंटचा रस्ता सुरू झाला की आबा कडेला काठी रोवून जाडी मोजणार. खालच्या आळीच्या रस्त्याच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी नारळ फोडला, तर तो रस्त्यावर आपटल्यावर आबा पुढे झाले आणि सगळ्यांसमोर वाकून नारळ नव्हे, रस्ता बघू लागले. "टवका उडालाय," असं त्यांनी जाहीर केलं. पाहुणे निघून गेले, पण ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. दुसरं हत्यार म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात जन्मभराच्या पावत्या. एकदा आम्ही त्यांना शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला नेलं, तर पेटीत दहा रुपये टाकून ते पावती मागायला लागले. तिथल्या भल्या माणसाने हातावर प्रसाद ठेवला. "परसाद खाल्ला की संपतो," आबा म्हणाले, "पावती ऱ्हाती." लोणावळ्याला जाताना तिकीट तपासनीस आला नाही तर ते उतरल्यावर त्याला फलाटावर शोधून काढत आणि म्हणत, "माजं बगा की. मी पैसं भरल्यात." माझं माहेर लोणावळ्याचं, वडिलांचं चिक्कीचं छोटं दुकान. वडिलांनी किलोभर चिक्की पाठवली की आबा ती तराजूत टाकत. माझ्या वडिलांची चिक्की! मी चार दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी, आणि चार दिवस त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

तर अशा माणसाने मला ग्रामपंचायतीला उभं केलं. आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा आबाच म्हणाले, "आपलं मानूस आत पायजे. तितं काय शिजतंय ते कळाय पायजे." वयाला न शोभेल एवढे ते दारोदार हिंडले. मी निवडून आले, गुलाल उधळला, आबांनी स्वतःच्या हाताने पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप पुढे केला, तर त्यांनी तो हातात घेऊन आधी माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे. "ह्यो च्या घरातला का पंचायतीतला?" मला वाटलं थट्टा आहे. थट्टा कसली! त्या दिवसापासून मी सूनबाई उरलेच नाही, 'मेंबर' झाले. मेंबर म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे संशय. दिवाळीला भावाने प्रेशर कुकर दिला, तर आबांनी त्याचं बिल मागितलं. मी म्हटलं, "आबा, भाऊबीजेची ओवाळणी आहे ती!" तर म्हणाले, "मग भावाकडनं लिवून आन." माझ्या हातात तेव्हा लाटणं होतं, एवढंच सांगते.

आता कोंडीबाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्याच्यावरून. कोंडीबा आमच्या गावचा पाणी सोडणारा. टेकडीवर टाकी, टाकीखाली चार आळ्यांचे चार व्हॉल्व्ह, आणि कोंडीबाच्या खांद्यावर ती लांब लोखंडी चावी. रोज सकाळी तो एकेका आळीचं पाणी सोडायचा आणि बंद करायचा. कमी बोलायचा, वेळेवर यायचा, आणि पंचायतीकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारावर त्याचं घर चालायचं. आबा आणि तो एकाच वयाचे, एकाच शाळेत शिकलेले. पण पंचायतीचा पगार घेतो म्हटल्यावर तोही आबांच्या लेखी सरकारच होता.

माझ्या मेंबरकीच्या दुसऱ्या वर्षी पंचायतीत तूट आली. पंपाचं वीजबिल थकलं आणि वीज तोडायची नोटीस दाराशी चिकटली. सरपंचांनी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बोलावली आणि सरळ सांगितलं, दोनच वाटा आहेत: पाणीपट्टी वाढवा, नाहीतर खर्च कमी करा. आबा उठले. सबंध आयुष्य ते या क्षणाची वाट बघत होते. खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. सत्काराचे हार बंद, मीटिंगचा चहा बंद, दिवसा जळणारे दिवे बंद. लोक टाळ्या वाजवत होते, मीसुद्धा. मग शेवटचं आलं. "व्हॉल्व फिरवाय पगारी मानूस कशाला? हात समद्यास्नी हाईत. आळीआळीनं पाळी लावा." टाळ्या आणखी वाढल्या, कारण पट्टी वाढणार नव्हती. कोंडीबा मागे भिंतीला टेकून उभा होता. मी मेंबर होते. मी उठून बोलायला हवं होतं. पण पट्टी वाढवा म्हणणारं पुन्हा निवडून येतं का? मी खाली मान घालून पदराला पीळ देत बसले. खोटं कशाला बोलू, त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

कोंडीबा पुढे आला, चावी टेबलावर ठेवली आणि आबांना म्हणाला, "जड हाय. संबाळून." बस्स, एवढंच बोलून तो गेला.

पुढचे दोन महिने गावाने जे पाहिलं ते शत्रूलाही दिसू नये. एका चावीवर कोणाचा भरवसा नाही म्हणून चौघा आळीप्रमुखांनी कामशेतला जाऊन चार चाव्या करून आणल्या. चार चाव्या, चार व्हॉल्व्ह आणि शंभर संशय. वरच्या आळीने पाणी सोडलं की मधली आळी बंद करायला हजर. मधल्या आळीने पाळी सोडली नाही म्हणून चौथ्या, वस्तीवरच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन माझ्या दारात. खालच्या आळीला तर थेंब येईना. टाकी भरली की पंप बंद करायचं कामही कोंडीबाचंच होतं, आता ते कोणी करायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून पाणी टेकडीवरून ओढ्याला मिळू लागलं, पंप दुप्पट चालू लागला, आणि महिन्याचं वीजबिल असं आलं की कोंडीबाचा वाचलेला पगार त्यात कुठच्या कुठे बुडाला. खर्च कापून आमची तूट वाढली. मी ते बिल आबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ह्यात काय तरी गडबड हाय." मग या वयात काठी टेकत ते रोज पहाटे टाकीशी जाऊन स्टुलावर बसू लागले, चोर पकडायला. चोर सापडला नाही. ताप मात्र सापडला, आणि तरीही ते जात राहिले.

एका सकाळी मी त्यांना शोधत वर गेले. आबा खालच्या आळीच्या व्हॉल्व्हवर चावी लावून सगळ्या अंगाने ओढत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. पायवाटेवरून कोंडीबा शेळ्या घेऊन चालला होता. तो थांबला, बघत राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही. "आबा, बंद करताय तुमी ते."

"उगडतोय!" आबा ओरडले.

"ह्यो व्हॉल्व उलटा बसवल्याला हाय. बाकीच्या तिनांच्या उलटा फिरतो. पयल्यापास्नं."

दोन महिने खालची आळी पाणी सोडायला म्हणून जोर लावून पाणी बंद करत होती, आणि येत नाही म्हणून आणखी जोर लावत होती! आबांनी चावी सोडली. धापा टाकत म्हणाले, "हे कुटं लिवल्यालं न्हाई."

"लिवाय कशाला पायजे? मी व्हतो की," कोंडीबा म्हणाला आणि शेळ्या हाकत निघून गेला. आबांनी चावी पुन्हा लावून उलट्या बाजूला फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर संशय होता, पण पहिल्यांदाच तो दुसऱ्या कोणावर नव्हता.

पुढच्या ग्रामसभेला आबा उठले तेव्हा लोक नव्या यादीसाठी टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. आबा म्हणाले, "पानीपट्टी वाढवा." टाळीसाठी उचललेले हात खाली आले. "आनि कोंडीबाला परत घ्या. माजं चुकलं. काय कापायचं ते मला कळलं, पर काय कापू नये ते कळलं न्हाई." तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, किती मिळालं? सून मेंबर हाय म्हनून का?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठणार, तोच आबांनी काठीने मला खाली बसायची खूण केली. त्यांचे डोळे चक्क चमकत होते. "इचार," ते त्या माणसाला म्हणाले. "बराबर इचारलंस. मलाबी इचार. पट्टी वाढवताना कुनी इचारलं न्हाई, तर समजा गाव मेलं." मग त्यांनी अटी घातल्या. ज्या बंगल्यांना पोहायचे तलाव आहेत आणि मालक फक्त शनिवार-रविवारी उगवतात, त्यांना दर जास्त. वाढीव पट्टी पहिली आबांकडून घ्यायची आणि पावती द्यायची. आणि शेवटची अट कोंडीबाला: पाणी सोडलं की रोज आमच्या ओट्याखालून जाताना वेळ ओरडून सांगायची, म्हणजे हिशेब राहील.

"सांगतो," कोंडीबा म्हणाला. आबांनी टेबलावर आणून ठेवलेली जुनी चावी त्याने उचलून खांद्यावर टाकली, आणि ती त्याला जड वाटल्यासारखी मुळीच दिसली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ओट्याखालून हाक यायची, "सहाला दोन मिनटं कमी, आबा!" आणि बाकावरून उत्तर जायचं, "कुनाच्या घड्याळात?" पाच मिनिटं आधी पाणी आलं तरी आबांना शंका, "आज लवकर का सोडलं? कुनाचं लगीन हाय?" कोंडीबा हसायचा आणि पुढे जायचा. दोघांत याहून जास्त बोलणं होत नसे, पण एखाद्या दिवशी हाक उशिरा आली तर आबा चहा पीत नसत. चहाची चौकशी मात्र शेवटपर्यंत चालू राहिली. अंथरुणाला खिळल्यावरही, कप ओठांना लावला की एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचे. मी आधीच सांगून टाकायचे, "घरातला आहे, आबा. प्या."

आबांना जाऊन आता वर्ष होईल. परवा पुन्हा ग्रामसभा झाली. पुन्हा तूट, पुन्हा पाणीपट्टीत वाढ. मी ठराव वाचला, सगळ्यांनी हात वर केले, पाच मिनिटांत मंजूर. कोणी एक शब्द विचारला नाही. सही करायला मी पेन उचललं आणि माझा हात थांबला. इतकी वर्षं ज्या प्रश्नांनी माझं डोकं उठवलं, त्यातला एकही प्रश्न नाही! मला भीतीच वाटली. कोंडीबा दारात उभा होता. "लय शांत झालंय वो ताई," तो हळूच म्हणाला, "बरं न्हाई वाटत."

आज सकाळी मी चहा टाकत होते. सवयीने एक कप जास्तच टाकला जातो अजून. ओट्याखालून हाक आली, नेहमीच्याच आवाजात, रिकाम्या बाकाला उद्देशून. "सहाला दोन मिनटं कमी, आबा!" आबा गेल्यापासून एकही दिवस त्याने हाक चुकवलेली नाही, आणि एकही दिवस त्याला उत्तर मिळालेलं नाही. मी गॅस बारीक केला, पदराला हात पुसत ओट्यावर गेले आणि होता नव्हता तेवढा संशय गोळा करून ओरडले, "कुनाच्या घड्याळात?"

कोंडीबा जागच्या जागी थांबला. चावी खांद्यावरून खाली घेतली, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्याच घड्याळात बगा, मेंबर."