मीनाक्षीच्या घरचा चढ

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या मराठी मंडळींत ट्रॅक्टर घेणारा पहिला माणूस शैलेंद्र देशकर. मूळचा अमरावतीचा. इथे अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून ईमेलने कळवत होता. असल्या कामाला शाबासकी कोण देणार? पण २००३ च्या हिवाळ्यात त्याने पुढे बर्फ उचलायची बकेट असलेला छोटा, कोरा करकरीत ट्रॅक्टर घेतला आणि पहिल्याच मोठ्या स्नोनंतर त्याचा फोन खणखणू लागला. "शैलेंद्र, आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढशील का रे?" तो जायचा, पैसे घ्यायचा नाही, चहा मात्र घ्यायचा. त्या चहाची चव त्याला ऑफिसच्या बोनसहून गोड लागायची.

अडला तो एकाच ठिकाणी. मंडळींतल्याच मीनाक्षीचं घर टेकडीवर होतं आणि रस्त्यापासून दारापर्यंतचा ड्राइव्हवे छातीवर येणारा. तिच्या सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. शैलेंद्रचा ट्रॅक्टर अर्ध्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राहिला. "हा चढ ट्रॅक्टरचा नाहीच. मीठ टाकून घे," असं सांगून तो परतला.

पुढच्याच आठवड्यात दादाराव मेश्राम तो चढ साफ करून आले.

दादाराव वर्ध्याकडचे, वुस्टरच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. ट्रॅक्टर जुना, रंग उडालेला, शैलेंद्रच्या ट्रॅक्टरहून लहानच. मीनाक्षी ज्याला त्याला सांगत सुटली, "दादारावांनी अगदी वरपर्यंत साफ केलं!"

"म्हणे अगदी वरपर्यंत!" शैलेंद्र घरी येऊन म्हणाला.

"जळतोयस तू," बायको कांचन म्हणाली.

"मी कशाला जळू? लक असतं एकेकाचं."

पण संध्याकाळी दादारावांच्या घरावरून जाताना त्याने गाडीचा वेग कमी केला आणि मान वळवून पाहिलं. मागच्या चाकांना साखळ्या. मागे एक निळं पिंप बांधलेलं. पिंप पाहून तो एकटाच हसला. दुसऱ्या दिवशी त्याने तशाच साखळ्या आणल्या.

जानेवारीत वीतभर स्नो पडला. कुणीही बोलावलेलं नसताना, दादाराव यायच्या आत, शैलेंद्र उजाडताच मीनाक्षीकडे पोचला. साखळ्यांनी काम केलं. ट्रॅक्टर वर चढला. आनंदाच्या भरात त्याने काठोकाठ भरलेली बकेट खांद्याइतकी उचलली आणि ती रिकामी करायला उतारावर आडवा वळला. वरच्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं. ट्रॅक्टर कलला, घसरत गेला आणि कडेच्या एका मेपलच्या झाडाला टेकून थांबला, ड्राइव्हवे पूर्ण अडवून. वर मीनाक्षीच्या गाडीत सासरे कोट घालून बसले होते.

चढ साफ करायला आलेले दादाराव खालून धावत आले.

"भाऊ, उतरू नका! आधी बकेट खाली घ्या. हळू."

त्याने लीव्हर दाबला. बकेट खाली आली, चाक पुन्हा जमिनीला लागलं.

"आता फोर-व्हील टाका. लो गिअर. नाक सरळ उताराकडे करा आणि ब्रेकला पाय लावू नका. ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. इंजिनलाच धरू द्या."

ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी खाली उतरला. सासऱ्यांना डायलिसिसला नेणारी गाडी वीस मिनिटं उशिरा निघाली. दादाराव कुणालाही काही बोलले नाहीत. शैलेंद्रला तेच जास्त झोंबलं. ते रागावले असते तर त्यालाही रागावता आलं असतं.

रविवारी ते आपणहून त्याच्या गराजमध्ये आले. सोबत रिकामं पिंप आणि काँक्रीटच्या गोण्या. "पुढे बकेट भरली की मागचं वजन उचललं जातं," ते म्हणाले. "मागे तोलाला काही नसेल तर साखळी कुठे रुतणार?" त्यांनी पिंपात काँक्रीट ओतून ते ट्रॅक्टरच्या मागे बांधायला लावलं आणि मागच्या टायरांत काच धुवायचं न गोठणारं पाणी भरून दिलं, म्हणजे वजन खाली राहतं. शैलेंद्रने सगळं शिकून घेतलं. थँक्यू म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "चहा घेणार?"

"घेतो ना."

पुढच्या हिवाळ्यात दादारावांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि मीनाक्षीने शैलेंद्रला फोन केला. तो सरळ वर गेला, सरळ खाली आला, बकेट गुडघ्याच्या वर नेलीच नाही. कुठे चाक फिरलं नाही. मीनाक्षी दारात आली.

"वा! अगदी दादारावांसारखं केलंस हं."

त्याने एकदा वळून मागचं पिंप पाहिलं. "हो, त्यांनीच शिकवलं," तो म्हणाला. मग चहाला न थांबता, सासरे उतरतात त्या पायरीजवळ थोडा बर्फ राहिला होता, तो काढायला तो फावडं घेऊन गेला.